काळी आरवायची

खुडूक झालेली कोंबडी कशावरही बसते. झरीला माझ्या घरमालकिणीची एक तांबडी कोंबडी उडालेल्या बल्बवर अठरा दिवस बसली होती. तिला उठवायला गेलं की चोच मारायची. शेवटी मालकिणीने तिला बादलीत दोनदा बुचकळलं, तिच्याच पंखातलं पीस तिच्या नाकपुडीत अडकवलं आणि अंगणात सोडून दिलं. दोन दिवसांत कोंबडी बल्ब विसरली. मी तेव्हा पोट धरधरून हसले होते. २०१४ साल होतं, लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि रिकाम्या जागेवर ऊब धरून बसणं म्हणजे काय, हे मला अजून कळायचं होतं.

मी झरीच्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका. नवरा रेल्वेत, क्वार्टर डहाणू रोडला. रोज जाण्यायेण्यात दिवस जायचा म्हणून मी आठवडाभर झरीला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की तो मोटरसायकलवर मला न्यायला यायचा. खोली म्हणजे मालकांच्या घराची मागची पडवी भिंत घालून बंद केलेली. वर कौलं, बाहेर खुराडं. मालकिणीला मी मावशी म्हणायचे, मालकांना काका. दोघांची थोडी भातशेती होती, मुलं उंबरगावकडे कंपनीत कामाला लागलेली. मावशी मला ‘बाई’ म्हणायची, तेही असं की मला उगाच आपण फार मोठ्या असल्यासारखं वाटायचं.

आणि मला मोठं वाटून घ्यायला वेळ लागत नाही. प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायची मला खोड आहे. एकदा लिंबाएवढं अंडं निघालं, आत बलक नाही. मावशी म्हणाली, हे कोंबड्याचं अंडं, घरात न्यायचं नाही. मी म्हणाले, पहिल्यांदा अंडी देणाऱ्या तलंगेचं असं होतं कधीकधी. एकदा कवच नसलेलं, नुसतं पातळ कातड्यात गुंडाळलेलं अंडं निघालं. मी म्हणाले, चुना कमी पडलाय, शिंपल्यांचा चुरा घाला. एक कोंबडी खुराड्यात न जाता रोज चिकूच्या झाडावर चढायची, तिचंही कारण माझ्याकडे होतं. मावशी सगळं ऐकून घ्यायची. पटलं की नाही ते तिच्या तोंडावरून कधी कळायचं नाही.

काळी तिच्याच कोंबड्यांतली. चांगली अंडी देणारी, दोन वेळा पिल्लं काढलेली. २०१६च्या उन्हाळ्यात तिची अंडी बंद झाली. मग तिचा तुरा वाढायला लागला, लाल झाला, पायाला नख्यांच्या वर टोक फुटलं. ती इतर कोंबड्यांच्या मागे लागायची, त्यांच्या पाठीवर चढायची. आणि एके दिवशी भरदुपारी, मी खोलीत वह्या तपासत असताना, खुराड्यावर उभी राहून ती आरवली. पूर्ण नाही, घसा बसलेल्या माणसासारखी. पण आरवलीच.

काकांनी त्याच संध्याकाळी सांगितलं की हिला गावदेवाला देऊन टाकू. आरवणारी कोंबडी घरात ठेवत नाहीत. मावशी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “अंडं नाय, पिल्लू नाय, वर आरवते. ठेवून काय करायचं तिला?”

तिने ते कोंबडीबद्दलच म्हटलं होतं. पण त्याच्या आदल्याच महिन्यात माझ्या पोटातलं दुसऱ्यांदा गेलं होतं. पहिल्यांदा दोन महिन्यांचं, दुसऱ्यांदा तीन महिन्यांचं. डहाणूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आराम करा, पुन्हा बघू. मी आराम न करता शाळेत आले होते, कारण घरी बसलं की भिंती अंगावर यायच्या. मावशीचं वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हणाले, “मी ठेवते तिला. आजपासून ती माझी. काय व्हायचं ते मला होऊ दे.”

मी तेवढ्यावर थांबले नाही. दुसऱ्या दिवशी तलासरीच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून आले. त्यांनी समजावून सांगितलं की कोंबडीचं डावं अंडाशयच कामाचं असतं. ते आजाराने निकामी झालं की उजव्या बाजूचा झोपलेला भाग जागा होतो, आणि मग तुरा वाढतो, आरवणं येतं. ते मी काका-मावशींना अंगणात बसवून सांगितलं. वर्गातही सांगितलं, फळ्यावर चित्र काढून. “यात शुभ नाही, अशुभ नाही. बिचारी आजारी आहे,” असं मी म्हणाले. काका बिडी ओढत राहिले. मावशी म्हणाली, “बाई म्हनतात तर असंल.”

दोन वर्षं काळी माझ्या दारात आरवली. मी तिला कणी टाकायचे, मी नसले की मावशी टाकायची. गावातली माणसं वाटेने जाताना थबकायची, हसायची. मला तिचा अभिमानच वाटायला लागला होता. नवरा चिडवायचा, “तुझी मुलगी आरवली का आज?” आणि मग त्याच्या लक्षात यायचं, आपण काय बोललो ते.

२०१८च्या पावसाळ्यात मला पुन्हा दिवस राहिले. या वेळी मी नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नाही. तीन महिने पार पडले तेव्हा फक्त मावशीला सांगितलं, तेही तिने एक दिवस माझ्याकडे नीट बघून “कितवा?” असं विचारलं म्हणून. बाळंतपणाची रजा मला बाळ झाल्यावर हवी होती, म्हणून शाळा चालू ठेवली. एकेक दिवस मी तळहातावर घेऊन चालल्यासारखा काढत होते.

आणि नोव्हेंबरात जमीन हलायला लागली.

पहिला धक्का बसला तेव्हा मला वाटलं, शेजारून मोठा ट्रक गेला. मग भांडी वाजली. मग लोक घराबाहेर धावले. त्यानंतर ते थांबलंच नाही. कधी दिवसाआड, कधी दिवसातून दोनदा-तीनदा. धुंदलवाडीकडे, तलासरीकडे, डहाणूपर्यंत. आधी जमिनीखालून गडगड यायची आणि मग पायाखालची माती सरकल्यासारखी व्हायची. घरांच्या भिंतींना भेगा पडल्या. अधिकारी आले, मोजमापं करणारी माणसं आली, तंबू आले. शाळा आम्ही झाडाखाली भरवू लागलो. मी मुलांना दोन भाकऱ्या एकमेकींवर घासून दाखवल्या, जमिनीच्या आत असंच काहीतरी सरकतंय असं सांगितलं. मुलं ऐकायची. माझा हात मात्र सारखा पोटावर जायचा.

शाळेत खिचडी शिजवणारी बाई एक दिवस भांडी घासताना म्हणाली, “गावात कुनाच्या तरी घरात काय तरी उलटं चाललंय. त्याबगर धरती अशी हालायची नाय.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, की सहज बोलून गेली, मला आजही सांगता येणार नाही. उलटं म्हणजे काय? कोंबडीने आरवणं याहून उलटं गावात दुसरं काय होतं? आणि ‘काय व्हायचं ते मला होऊ दे’ असं मीच तर म्हणाले होते, मोठ्या तोंडाने, सगळ्यांदेखत.

त्या दिवसापासून माझं सगळं बिघडलं. काळी माझ्या दाराकडे तोंड करून आरवते असं मला दिसू लागलं. ती कणी खायला आली की मी पोटावर पदर ओढून घ्यायचे, कोंबडीची नजर लागते की काय अशा भीतीने. मीच. फळ्यावर अंडाशयाचं चित्र काढणारी बाई. कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि त्याने हसू नये असं मला वाटत होतं, कारण तो हसला असता तर मला कळलं असतं की मी खरंच मानते.

मावशी काही बोलत नव्हती. मला ते जास्त लागत होतं. दोन वर्षांपूर्वी कोंबडी गावदेवाला द्यायला निघालेली मावशी आता गप्प कशी? मनात मला शिव्या देत असेल, माझ्या हट्टापायी आपलं घर पडणार असं म्हणत असेल. त्यात भर म्हणजे तिने एक नवीनच त्रास सुरू केला होता. शाळा सुटल्यावर मी जरा आडवी झाले की अंगणातून हाक यायची. “बाई, जरा फोन लावून द्या ना.” “बाई, मीठ बराबर हाय का बगा.” “बाई, सुईत दोरा घालून द्या.” पाय सुजलेले असायचे, उठवत नसे. तरी उठायचे, अंगणात जायचे, आणि तिथे ती मला उगाच बसवून ठेवायची, हे सांग, ते सांग. मुलाला फोन लावून दिला तर दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायची. हिला मी आराम केलेला बघवत नाही, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा.

फेब्रुवारीत दोन-तीन जोराचे धक्के एकापाठोपाठ बसले. मला सहावा संपत आला होता. त्या शनिवारी नवरा न्यायला आला तेव्हा मी तयार होते. काळीचे पाय सुतळीने बांधून तिला कापडी पिशवीत घातली होती, डोकं तेवढं बाहेर. मावशी-काका शेतावर होते. त्यांची नजर चुकवूनच मी हे केलं. नवरा म्हणाला, “हिला कुठे?” मी म्हणाले, “चल फक्त.”

वाटभर ती माझ्या मांडीवर गप्प होती. पिशवीतून तिची ऊब लागत होती, आणि पोटात बाळ हलत होतं. दोन्ही एकाच वेळी. डहाणू रोडला स्टेशनजवळ कोंबड्यांच्या दुकानासमोर मी गाडी थांबवायला सांगितली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवी घेतली. दुकानदाराने काळीला उलटीसुलटी करून पाहिलं, तुरा पाहिला, पायाची टोकं पाहिली आणि रस्त्यापर्यंत ऐकू येईल असं विचारलं, “मॅडम, ये मुर्गी है की मुर्गा?”

“कापा. मटण नको, तुमच्याकडेच ठेवा,” एवढं नवरा म्हणाला आणि आम्ही घरी आलो. मी रडले नाही. सुटल्यासारखं वाटलं, हे खरं सांगायला हवं. त्या रविवारी कितीतरी आठवड्यांनी मला दुपारची गाढ झोप लागली.

सोमवारी मावशीने खुराड्यात वाकून पाहिलं. “बाई, काळी दिसत नाय.”

“डहाणूला नेली,” मी म्हणाले. “क्वार्टरच्या मागे जागा आहे. तिथे सोडलीय.”

मावशी खुराड्यापासून उठून उभी राहिली. मग म्हणाली, “मला सांगायचं तरी होतं.” मला वाटलं, हातची कोंबडी गेली म्हणून वाईट वाटतंय.

त्याच दुपारी मी शाळेतून येऊन कॉटवर पडले. हाक आली नाही. मी मनात म्हणाले, चला, आज तरी पाठ टेकू देईल. आणि जमीन गडगडली. मी उठेपर्यंत कॉट हलली, भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं, आणि वरचं एक कौल सुटून माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर फुटलं. दोन्ही हात पोटाभोवती धरून मी तशीच बसून राहिले. सगळं गाव घरातून बाहेर पळत होतं तेव्हा मावशी बाहेरून आत आली. माझ्या काखेत हात घालून तिने मला फरफटत अंगणात नेलं आणि जमिनीवर बसवून माझे पाय, पोट, डोकं चाचपून पाहिलं. मग तीच मटकन खाली बसली.

“आज काळी नव्हती ना,” ती म्हणाली. तिला धाप लागली होती. “मला कसं कळंल?”

मला काही समजेना. तेव्हा तिने सांगितलं. धक्का यायचा असला की काळी दाणे टाकून खुराड्यावर चढायची, मान लांब करून इकडेतिकडे बघायची, आणि अवेळी आरवायची. इतर कोंबड्या नाही, तीच. मावशीने ते डिसेंबरातच हेरलं होतं. काळी चढली की ती मला हाक मारायची. फोनसाठी, मिठासाठी, दोऱ्यासाठी.

“मला सांगायचं ना मग!” मी म्हणाले.

“पोटुशी बाई तुमी. धरती हालनार हाय असं कसं सांगायचं? भ्यालं की पोटातलं दुखावतं.” मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, “आनि तुमी हसला असता. कोंबडीला काय कळतं म्हनाला असता.”

खरं होतं ते. कदाचित आजही म्हणेन. काळी कितीतरी वेळा उगाच चढत असेल, उगाच आरवत असेल, आणि काहीही न होता मी मीठ चाखून परत येत असेन. कितीतरी धक्के तिला न कळताही बसले असतील. पण तिच्यामुळे मी रोज त्या कौलांखालून बाहेर येत होते, एवढं नक्की. काळी कापली गेलीय, हे त्या वेळी मी मावशीला सांगू शकले नाही. “चार दिवसांनी आना तिला परत,” ती म्हणाली, आणि मी मान हलवली.

मी परत आणली नाही. नवी जागा मानवलीय, इथे चांगली राहतेय, असं सांगत राहिले. उरलेले दिवस शाळा सुटल्यावर मावशी मला खोलीत जाऊच देत नव्हती. अंगणात खाट टाकून द्यायची आणि शेजारी तांदूळ निवडत बसायची, मान वर करून, कान देऊन. काळीची जागा तिने घेतली होती. मला तिच्याकडे बघवत नसे. मार्च संपता संपता मी रजा टाकून डहाणूला आले.

मे महिन्यात मुलगी झाली. नीट, वेळेवर, धडधाकट.

ती सव्वा महिन्याची झाली आणि मावशी आली. झरीहून तलासरी, तिथून डहाणू, गाड्या बदलत, विचारत विचारत क्वार्टरवर पोचलेली. नवरा ड्युटीवर होता, घरात आम्ही दोघीच. तिने जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं आणलं होतं, मनगटात बांधायला काळे मणी आणले होते. पाय धुऊन तिने मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या तळपायांना तोंड लावलं आणि बराच वेळ तिच्याशी बोलत राहिली. मी चहा केला. मग मुलीला खांद्यावर घेऊनच ती मागच्या दाराकडे गेली. एका हाताने पदराची गाठ चाचपत होती.

“कठं हाय ती?” तिने विचारलं. “कणी आनलीय तिच्यासाठी. हितं तुमी विकतचं काय घालत असाल तिला.”

माझ्या तोंडात खोटं तयार होतं. बोक्याने नेली, परवाच नेली, असं. ते मी दोन महिने आधीच जुळवून ठेवलं होतं. पण ती दारात उभी होती, माझी मुलगी तिच्या खांद्यावर झोपलेली, आणि मागे नुसती भिंत आणि कपडे वाळत घातलेली दोरी.

“मावशी, ती नाही,” मी म्हणाले. “त्याच शनिवारी कापायला दिली. मीच दिली. मला भीती वाटली तिची.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, गोंधळून. जसं काही मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते.

“आमी देवासाठी मागितली तवा तुमी दिली नाय,” ती हळूच म्हणाली. “तुमी सांगितलं, तसं काय नसतं. मला पटलं होतं. लोक बोलायचे, तर मी भांडायचे त्यांच्याशी. म्हनायचे, आमची बाई शिकलेली हाय, तिनं डाक्टरला विचारलंय.”

तिने मुलीला माझ्या हातात दिलं आणि मागच्या पायरीवर बसून गाठ सोडली. कणी परत नेण्याइतकी नव्हती. ती तिने भिंतीकडेला टाकली. चिमण्या उतरल्या, एक साळुंकी आली. सगळं टिपून होईपर्यंत ती बसून राहिली. मग उठली, मुलीच्या कपाळाला हात लावला, चपला घातल्या. मी म्हणाले, “जेवून जा, मावशी.” ती म्हणाली, गाडी चुकेल.

दारातून निघताना तिने मागे पाहिलं नाही, आणि ‘येते’ असंही म्हणाली नाही.